जांभळ्या स्कार्फातली रुचिता

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी सुरेखाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाला स्कार्फ बांधला. आरशासमोर उभं राहून, दरोडा घालायला निघाल्यासारखा. डोळे तेवढे उघडे, त्यांवर चष्मा, अंगात मुलीचा जुना सनकोट. सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने, पार्श्वनाथांनी, मान वर केली आणि विचारलं, "रुचिता, तू मघाशीच गेलीस ना गं?"

"मी आहे," सुरेखाताई स्कार्फातून म्हणाल्या.

"कुठं निघालीस?"

"म्हशी बघायला."

पार्श्वनाथांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. बायकोला घोर लागला असला की प्रश्न एकच विचारावा, दुसरा विचारू नये, एवढं ते संसारात शिकले होते.

घोर रुचिताचा होता. ती तिसरीत असताना तिच्या ओठाच्या कोपऱ्यात तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसला. दूध पिऊन पोरगीनं तोंड पुसलं नसेल, असं समजून सुरेखाताईंनी तो पदराने पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसला. तो काही जाईना. पुढे तो ओठाभोवती फिरला, हनुवटीवर उतरला, मग हातांच्या बोटांवर गेला. त्वचेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: कोड आहे, कुणाला लागत नाही, जिवाला धोका नाही, खाण्यापिण्याशी काही संबंध नाही. सुरेखाताई वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर. त्यांना सगळं पटलं. आणि घरी येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मीठ घातलेल्या कुठल्याही पदार्थावर दूध प्यायला सगळ्या घराला बंदी घातली. चिवड्याचा घास घेतला की दूध दुसऱ्या दिवशी. शिवाय कुणीतरी सांगितलं म्हणून शाहूवाडीकडच्या एका वैद्याचं बावचीचं तेल आणलं आणि ते लावून पोरीला गच्चीत उन्हाला बसवलं. डाग होता तिथेच राहिला. पोर मात्र भाजून निघाली.

रुचिताने कधी रडून दाखवलं नाही. तिने स्वतःचं एक शास्त्र तयार केलं, पहिल्या क्षणाचं. माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याची नजर आधी हनुवटीवर पडते, मग दचकून वर उडते, आणि मग तो गरजेपेक्षा जास्त गोड बोलायला लागतो. "गोड बोलायला लागले की समजायचं, दिसलं," ती म्हणायची. वर्गात ती भिंतीकडच्या बाकावर बसायची. लग्नात फोटोवाला जवळ आला की तिला नेमकी तहान लागायची. मग साथ आली, अख्खी दुनिया तोंड झाकून हिंडायला लागली, आणि लोक हवालदिल झालेले असताना ही पोरगी घरात गाणी म्हणत भांडी विसळत होती. साथ गेली, लोकांनी मास्क फेकले. रुचिताने शहराबाहेरच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली, कारण तिथे टोपी, मास्क, हातमोजे सगळं सक्तीचं. मुलाखतीत पगाराच्या आधी तिने हेच विचारलं होतं. दिवसभर दुधाचं फॅट तपासायचं, डबा भिंतीकडे तोंड करून खायचा, आणि स्कूटरवर येता-जाता जांभळा, पिवळ्या फुलांचा स्कार्फ.

तिथे तिला श्रेयस मगदूम भेटला. कसबा बावड्याचा, दूध संकलनात कामाला, घरी म्हशी. नमुन्यांची किटली घेऊन प्रयोगशाळेत यायचा.

"फार धांदरट आहे गं," रुचिता सांगायची. "दारात आला की झाकण आपटतो, नाहीतर अख्खी किटलीच दाराला धडकवतो. मला तेवढ्यात मास्क वर घेता येतो, एवढंच बरं." ही तक्रार ती रोज इतकी हसून सांगायची की सुरेखाताईंना नवाच घोर लागायचा. आणि दिवाळीच्या तोंडावर तो धांदरट तिला म्हणाला, "पाडव्याला आमच्या म्हशी बघायला ये."

पुण्यातली पोरं मुलीला कॉफीला बोलावतात. बावड्याचा पोरगा म्हशी बघायला बोलावतो, तेही पाडव्याला, म्हशी नटवून पळवायच्या दिवशी, घरचे सगळे दारात असताना, म्हणजे काय ते कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"मी जाणार," रुचिता म्हणाली. "आणि स्कार्फ न बांधता."

सुरेखाताईंच्या हातातल्या चकलीचे दोन तुकडे झाले. "अगं, जरा क्रीम तरी लाव की! आणून ठेवलंय मी, तुझ्या रंगाचं."

"कुठल्या? मला दोन रंग आहेत."

"रुचिता!"

"त्याने माझं नाकसुद्धा पाहिलेलं नाही, आई. मला त्याचा पहिला क्षण बघायचाय. गोड बोलायला लागला की मी चहा न घेता परत. आणि तू तिथं यायचं नाहीस. शपथ घे."

सुरेखाताईंनी शपथ घेतली, की रुचिताची आई म्हणून मी तिथे जाणार नाही. पहिले तीन शब्द त्यांनी मनात म्हटले.

म्हणून हा स्कार्फ. जांभळा, पिवळ्या फुलांचा, रुचिताने घरी टाकून दिलेला. चष्म्याची फ्रेम तर दोघींची एकच, एकावर एक मोफत होती म्हणून पार्श्वनाथांनी आणलेली. पर्समध्ये क्रीमची ट्यूब आणि चिवड्याची पुडी. घोर लागला की सुरेखाताईंना भूक लागते.

बावड्यात रिक्षा पुढे जाईना. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी माणसं, आणि मधून सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली फाडफाड करत सुटलेल्या. प्रत्येक गाडीमागे मालकाची म्हैस. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्या, कपाळाला मोरपिसं, आणि एवढं धूड शेपटी वर करून गाडीमागे असं पळत होतं की जणू मालक माहेरी निघालाय आणि हिला मागे ठेवून जातोय. लोक शिट्ट्या मारत होते. सुरेखाताई मान उंचावून गर्दीत मुलीला शोधत होत्या आणि स्कार्फाखालून हात घालून चिवड्याचे बकाणे भरत होत्या.

"रुचिता!"

फेटा बांधलेला, गुलालाने माखलेला एक उंच पोरगा गर्दी फाडत त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. "आलीस व्हय! मला वाटलं येतीस का न्हाय. चल, चांदणी दाखवतो."

नाही म्हणायला सुरेखाताईंनी तोंड उघडलं, पण तोंडात शेंगदाणे, डाळं आणि पोहे होते. "उं," एवढंच निघालं. पोराला ते पुरलं. त्याने त्यांना गोठ्याच्या बाजूला नेलं. तिथे एक म्हैस उभी होती. काळीकुळकुळीत, कपाळावर रुपयाएवढं पांढरं, गळ्यात सगळ्यांपेक्षा मोठा हार.

"ही चांदणी. आता ऐक, मला एक बोलायचं हाय. समोर जमत न्हाय, म्हणून म्हशीकडं बघून बोलतो." आणि तो खरंच म्हशीकडे तोंड करून बोलायला लागला. "तुला वाटतंय मला म्हाईत न्हाय. मला म्हाईत हाय. पहिल्याच आठवड्यात दाराच्या काचेतनं बघितलंय मी, तू चहा पीत हुतीस. मी आत आलो आन् तू अशी दचकून मास्क वर वढलास की निम्मा चहा अंगावर. मला कसंतरीच झालं. तवापास्नं दारात आलो की झाकण वाजवतो. मग तू तुझं आवरतीस, मग मी येतो. तू सांगशील तवा सांगशील. न्हाय सांगितलंस तरी वाजवीन की. माझं काय जातंय?"

सुरेखाताईंच्या घशात डाळं अडकलं. त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं ठसक्याचं किती हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"थांब थांब!" त्याने पाठमोऱ्यानेच हात मागे करून एक पेला पुढे केला. "दूध घे. चांदणीचं हाय, आत्ताच काढलंय. मी बघत न्हाय. निवांत स्कार्फ काढून पी."

खारा चिवडा आणि वर दूध! सुरेखाताईंनी एक क्षणच विचार केला. मग स्कार्फ खाली ओढला आणि पेला तोंडाला लावला.

"श्रेयस," एक खणखणीत आवाज आला, "ह्या बाई कोण रं?" दारात त्याची आत्या, तानाबाई, फराळाचं ताट घेऊन उभी होती.

श्रेयस वळला. ज्या जांभळ्या स्कार्फापुढे आपण मन मोकळं केलं, त्यातून पन्नाशीची एक बाई, ओठांवर दुधाची पांढरी मिशी घेऊन, आपल्याकडे मायेने बघतेय, हे पाहून त्याचा जबडा जो खाली आला तो वर जाईना. आणि नेमकी तेव्हाच रुचिता आली. कोपऱ्यावर स्कूटर लावून बराच वेळ तिथेच घुटमळून, मग उघड्या तोंडाने सगळी गर्दी ओलांडून आलेली. वाटेत एका बाईने तिच्याकडे बघून पोराला जवळ ओढलं होतं, ते तिने पाहिलं होतं. बाकी कुणाला म्हशींपुढे तिच्याकडे बघायला सवड नव्हती.

"आई!"

"अगं, मी म्हणजे…"

रुचिताने श्रेयसकडे पाहिलं. डोळे फाटलेले, तोंड उघडं. "आता ह्याचं मी काय वाचू?" ती जवळजवळ ओरडली. "तू आधीच ह्याचं तोंड असं करून ठेवलंयस!"

तानाबाई ताट घेऊन पुढे झाली. रुचिताला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोड हाय व्हय गं?"

सुरेखाताई पेला घेऊन पुढे सरसावल्या.

"व्हय," रुचिता म्हणाली.

"बरं. आन् ही तुझी आई?"

"व्हय."

"मग हिला काय औषध देतासा?"

शेजारची माणसं हसली. श्रेयस पुरता गोंधळला, आणि गोंधळलेला माणूस सवयीचं काम करतो. त्याने शेजारच्या किटलीचं झाकण उचललं आणि आपटलं. ठण्ण.

रुचिताचा हात सटकन हनुवटीकडे गेला. तिथे मास्क नव्हता. बोटं उघड्या कातडीवर थांबली. तिने झाकणाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"तू… मुद्दाम?"

"मग काय, मी धांदरट हाय व्हय?" श्रेयस आता चिडलाच. "आन् ही काय यायची वेळ हाय? चांदणी पळून आली, नंबर काढला, आन् तू आत्ता उगवतीस!"

त्यात गोडाचा थेंब नव्हता. रुचिताने तो आवाज नीट ऐकला, पुन्हा एकदा मनात फिरवून पाहिला, आणि मग ती हसायला लागली. पोट धरून, चांदणीच्या पाठीवर डोकं टेकून, थांबता थांबेना. म्हशीने मागे वळून बघितलं.

"आई," हसता हसताच ती म्हणाली, "तोंड पूस. दूध लागलंय."

सुरेखाताईंचा हात सवयीने पदराकडे गेला. आज अंगावर पदर नव्हता, सनकोट होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि तानाबाईच्या ताटातला मूठभर चिवडा उचलून त्यांनी पेला पुन्हा पुढे केला.