रिकाम्या चटईवरचा झेंडा

माझ्या आत्याने प्रार्थनाघरातला झेंडा फाडला, त्याचं पोतेरं केलं आणि त्याच पोतेऱ्याने पायऱ्या पुसल्या, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळच्या दुधाबरोबर घरोघर पोचली. वाटणाऱ्याही दूधवाल्या काकूच. "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं हो! रंगीत कापड! पिळत होती! आणि वर हसत होती!" असं प्रत्येक दारात सांगताना त्यांचा हात हलायचा आणि माप जरा कमीच भरायचं.

खरं काय ते सांगते. ते रंगीत कापड म्हणजे माझा फुलाफुलांचा जुना फ्रॉक. आत्या पोतेरं पिळताना हसत नाही, दात आवळते, आणि ते लांबून हसल्यासारखं दिसतं. झेंडा तर तेव्हा प्रार्थनाघराच्या चपलांच्या खोलीत धडधाकट उभा होता. सुरकुती एक नाही. असणार कशी? इस्त्री आत्याचीच होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री मारते आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थनाघर उघडते, झाडते, बंद करते. किल्ली कमरेला. बदल्यात कमिटीने मागची खोली राहायला दिलीय. किल्ली गेली की खोली गेली, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आतोबा गेल्यापासून तिला दुसरं घर नाही. आमच्याकडे बोलावलं तर म्हणते, "तुझी आई माझ्यावर लक्ष ठेवेल, मी तुझ्या आईवर. कशाला उगाच दोघींची झोप मोडायची?"

कारण आत्याचा कुणावर म्हणून विश्वास नाही. दुधात बोट घालून बघते. बसच्या कंडक्टरला विचारते, "ही बस तिथेच जाते ना? की तुम्हाला वाटतं म्हणून जाते?" इस्त्रीला आलेल्या कपड्यांची तर उलटतपासणी होते. "हा म्हणे तापाने फणफणला होता म्हणून प्रार्थनेला आला नाही. तापाला गवत फुटतं का गं पोपटे? बघ या शर्टाच्या पाठीवर!" पोपटे म्हणजे मी. मी सगळ्यांच्या नकला करते म्हणून. तिची नक्कल तिच्यासमोर केली तर म्हणते, "आवाज बरा जमलाय. पण तुझ्या मनात काय आहे?"

प्रार्थनाघरात फक्त एका गोष्टीबद्दल तिला कधी शंका नव्हती. आमच्याकडे सगळ्यांच्या पुढे, अगदी मधोमध, एक चटई रिकामी ठेवायची पद्धत आहे. का ते कुणालाच धड माहीत नाही. एक म्हातारे म्हणतात, उशिरा आलेल्या परक्या माणसाला पहिली जागा मिळावी म्हणून. दुसरे म्हणतात, ज्याच्याशी आपण वाईट वागलो त्याच्यासाठी. माझे बाबा म्हणतात, प्रश्न विचारू नकोस, गप्प बस. लहान मूल तिच्यावर रांगत गेलं तर आई धावत जाऊन उचलते. ती चटई आत्या रोज झटकून स्वतःच्या हाताने अंथरते.

तर यंदा कमिटीचे नवे अध्यक्ष झाले रंगवाले. चौकात त्यांचं रंगाचं दुकान आहे. रंगवाल्यांचं बोलणं म्हणजे आधी खाकरणं, मग बोट वर, मग "एक मिनिट, एक मिनिट", जरी कुणीच बोलत नसलं तरी. एके सकाळी ते पितळेच्या भल्यामोठ्या स्टँडसकट झेंडा घेऊन आले. पितळ असं घासलेलं की त्यात स्वतःचे दात दिसावेत. आल्या आल्या त्यांनी ती चटई गुंडाळली.

"एक मिनिट, एक मिनिट. जागा तर रिकामीच आहे. वाया जातेय."

"ती रिकामी नाहीये," आत्या म्हणाली. "रिकामी ठेवलीय."

"कोण बसलंय? मला तर दिसत नाही."

"तुम्हाला दिसायला हवं असं त्याच्यावर बंधन आहे का?"

रंगवाल्यांनी बोट आणखी वर केलं. "बाई, देवाने आपल्याला देश दिला. देवासमोर देशाला पहिली जागा नको?"

"देवासमोर पहिली जागा मागायची नसते. मिळाली तर घ्यायची." मग तिने झेंड्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि तिचा चेहरा एकदम लॉन्ड्रीतला झाला. "आणि हे काय, असाच चुरगळलेला आणलात? देशाचा झेंडा, घडीतून काढून? द्या इकडे!" तिने तो नेला, ओल्या कापडाखाली हलक्या इस्त्रीने गुळगुळीत करून आणला आणि त्यांच्या हातात दिला. "अंगणात लावा. वारा आहे तिथे. आत बिचारा मान टाकून उभा राहील."

रंगवाल्यांनी आतच लावला.

मग दर प्रार्थनेच्या आधी झेंड्यासमोर उभं राहायचं ठरलं. नुसतं उभं राहायचं, त्यात काय एवढं? पण आमच्या लोकांनी त्यातही करून दाखवलं. कोण आधी उठलं, कोण गुडघे धरत उठलं, कुणी उभं राहून जांभई दिली, याच्यावर सगळ्यांची नजर. शिंपीणबाई उठताना आधी डावीकडे बघायच्या, मग उजवीकडे, मग एकदम स्प्रिंगसारख्या ताठ. एका आजोबांचा पाय सुन्न झाला म्हणून ते बसून राहिले, तर दुसऱ्या दिवशी त्यांचा जावई परदेशात असतो हे लोकांना अचानक आठवलं. आम्ही डोळे मिटून प्रार्थना करायचो ते आता अर्धे मिटून करायला लागलो. मीसुद्धा. मला तर त्यातून नकलांसाठी भरपूर माल मिळत होता.

आणि मग ती दूधवाली सकाळ. दार उघडलं तर पुढची चटई अंथरलेली, झेंडा गायब, आणि शोधल्यावर चपलांच्या खोलीत. किल्ली एकच, ती आत्याच्या कमरेला. अजून काय पुरावा हवा?

रंगवाल्यांनी संध्याकाळीच सभा ठेवली. निरोप स्पष्ट होता: आत्याने सगळ्यांसमोर कबूल करून माफी मागायची, नाहीतर किल्ली ठेवून खोली रिकामी करायची.

मी धावत लॉन्ड्रीत गेले. आत्या एका शर्टाची कॉलर दाबत होती.

"आत्या, तूच केलंस ना? मला सांग. मी कुणाला सांगणार नाही."

"तू? तू तर आवाजासकट सांगशील."

"म्हणजे तूच!"

"मी नाही." इस्त्री तिने उभी ठेवली. "काल रात्री आत न बघताच कुलूप लावलं, तेवढीच माझी चूक. मला करायचं असतं तर दिवसा, रंगवाल्यांसमोर केलं असतं. आणि चपलांत? मी झेंडा चपलांत ठेवीन? मी इस्त्री केलेला?"

हे मात्र पटण्यासारखं होतं. "मग खोटी माफी मागून टाक. खोली तरी वाचेल."

"खोटी इस्त्री होत नाही, खोटी माफी कशी होईल? ज्याने केलं तो उठेल सभेत."

मला हसूच फुटलं. दुधात बोट घालणारी ही बाई, बसवर विश्वास न ठेवणारी, आणि म्हणे उठेल! "आत्या, आपली गल्ली आहे ही. इथे वर्गणी मागितली की लोकांना चप्पल सापडत नाही. कोणी उठणार नाही."

"लाव पैज."

"लावली! मी जिंकले तर तू सामान घेऊन आमच्याकडे राहायला यायचं, आईवर संशय घ्यायचा नाही."

"आणि मी जिंकले तर महिनाभर कुणाचीही नक्कल नाही. तोंड वाकडंसुद्धा करायचं नाही."

मी टाळी दिली. खरं तर मला हरायची भीतीच नव्हती. आईला मी खोलीतल्या कपाटाची एक बाजू मोकळी करायलाही सांगून ठेवलं.

सभेला झाडून सगळे आले. एरवी प्रार्थनेला न येणारेही. झेंडा पुन्हा पुढे, चटई पुन्हा गुंडाळलेली. रंगवाले खाकरले. "एक मिनिट, एक मिनिट. ज्याला देश नको, त्याला देवाचं घर कशाला? बाई, बोला."

आत्या उभी राहिली. "मी नाही केलं. ज्याने केलं त्याने सांगावं. मी थांबते."

सगळे थांबले. पंखा किरकिरत होता. शिंपीणबाईंनी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. दूधवाल्या काकू दाराजवळून माझ्याकडे बघत होत्या, मी छताकडे. कोणी हललं नाही. रंगवाल्यांनी तळहात पुढे केला. आत्याने कमरेची किल्ली सोडली. गाठ घट्ट होती, तिला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मला पहिल्यांदाच वाटलं की ही पैज मी कशाला लावली. तिने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"मी... मी ठेवला."

आवाज हळूकाकांचा होता. हळूकाका म्हणजे आम्हाला प्रार्थना सांगणारे. इतके सावकाश बोलतात की दोन शब्दांमध्ये माणूस पाणी पिऊन येईल.

"काल... सगळे गेल्यावर... पुस्तकं आवरताना. बाई मागे... नळावर होत्या. मी झेंडा उचलला... तिथे चटई अंथरली. अंगणात नेत होतो. तेवढ्यात... पाऊल वाजलं. घाबरलो. चपलांच्या खोलीत... ठेवला. आणि पळालो."

"तुम्ही?" रंगवाल्यांचं बोट अर्ध्यातच राहिलं. 'एक मिनिट'सुद्धा सुचलं नाही त्यांना.

"मी तुमच्याकडे पाठ करून... प्रार्थना सांगतो. समोर ती रिकामी चटई असली... की मला माझं काय चुकलं ते आठवतं. झेंडा आल्यापासून..." हळूकाकांनी घाम पुसला. "झेंडा आल्यापासून मला तुम्हा सगळ्यांचं... काय चुकलं तेच आठवायला लागलं. पाठीमागे कोण उभं... कोण बसलं. मी कान देऊन ऐकायला लागलो. झेंड्याचा त्यात... काही दोष नाही. चपलांत ठेवला... त्याची माफी मागतो. हलवला त्याची... नाही."

मग जो गोंधळ झाला तो काय वर्णावा. हळूकाकांना काढा म्हणणारे, रंगवाल्यांना काढा म्हणणारे, आणि चहा आहे का विचारणारे. शेवटी त्या पाय सुन्न होणाऱ्या आजोबांनीच झेंडा उचलला आणि काठी टेकत अंगणाकडे निघाले. त्यांना अडवायची कुणाची हिंमत झाली नाही. रंगवाले किल्ली हातात घेऊन तसेच उभे. आत्या त्यांच्यासमोर गेली, तळहात पुढे केला. त्यांनी किल्ली दिली, पण "बघून घेऊ" म्हणाले. ते अजून बघतायत. प्रार्थनेला येतात, शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसतात.

बाहेर पायऱ्यांवर मी आत्याला गाठलं. "तुला माहीत होतं!"

"काय?"

"हळूकाका होते ते! म्हणून तू इतकी निवांत!"

आत्याने किल्लीची गाठ मारली. "आज सकाळी त्यांचा सदरा आला इस्त्रीला. बाहीला पितळेच्या पॉलिशचा काळा डाग."

"आणि तू गप्प बसलीस? तो डाग दाखवला असतास तर..."

"मी धुऊन टाकला."

"म्हणजे ही पैज फसवाफसवीची! तुला आधीच माहीत होतं."

"कोणी केलं ते माहीत होतं. उठतील की नाही, ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. मी तर मनातल्या मनात सामान बांधलं होतं."

तेवढ्यात दूधवाल्या काकू धापा टाकत आल्या. त्या दाराजवळ अडकल्या होत्या, त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं. मागोमाग शिंपीणबाई, आणि निम्मी गल्ली. "पोपटे, कर ना गं! हळूकाका काय म्हणाले? रंगवाल्यांचं तोंड कसं झालं? कर, कर!"

अशी सभा माझ्या जन्मात पुन्हा होणार नाही. हळूकाकांचे ते थांबे, रंगवाल्यांचं अधांतरी बोट, सगळं माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. मी आत्याकडे बघितलं.

"ती नाही करणार," आत्या म्हणाली. "महिनाभर घसा बसलाय तिचा." मग माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि डोळे बारीक केले. "काकू, जरा बघा हो इकडे. हिचे ओठ हलतायत का?"