पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत

आमच्या सोसायटीतले साने गाडीचं ऑइल घरीच बदलतात, आणि ते साऱ्या पार्किंगला ऐकवतात. "गॅरेजवाल्यांचा काय भरवसा? गाडीला पोटच्या पोरासारखं जपावं लागतं!" आज त्यांनी जुनं काळंकुट्ट ऑइल घमेल्यात काढलं आणि नवं अभिषेकाच्या धारेनं, थेंबही न सांडता ओतलं. मग घमेलं सरळ बदामाच्या बुंध्याशी रिकामं केलं.

"अहो, झाड मरेल!" मी बाल्कनीतून ओरडले.

"छे हो, वाळवी लागत नाही त्यानं."

काही माणसांची माया पुढच्या बंपरला सुरू होते आणि मागच्या बंपरला संपते. सान्यांनी साबणानं चोळचोळून हात धुतले, आणि गाडीला ऊन लागू नये म्हणून ती त्याच बदामाच्या सावलीत नेऊन लावली.