वरच्या घराचं पाणी

नगरपालिकेच्या पाणी खात्यात त्याला सगळे ‘मोजदाद’ म्हणत. हे नाव त्याने स्वतःच्या गुणांवर कमावलं होतं. जिना चढताना पायऱ्या मोजायच्या, मिटिंगमध्ये साहेब किती वेळा ‘म्हणजे काय की’ म्हणाले ते मोजायचं आणि चहाच्या वेळी आकडा जाहीर करायचा, ही त्याची जन्माची खोड. बायको विचारायची, “अहो, मी बोलते तेव्हा शब्द मोजता, की काही ऐकताही?” तो म्हणायचा, “दोन्ही.” ती मान हलवायची. तिला नवरा पाठ होता.

कामात मात्र ही खोड फार उपयोगाची होती. तो चावीवाला होता. गावातल्या गल्ल्यांना पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे त्याचं चौतीस वर्षांचं काम. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, कमरेएवढी लांब चावी खालच्या व्हॉल्व्हवर बसवायची आणि फिरवायची. खाली अंधार, चिखल आणि झुरळं. व्हॉल्व्ह किती उघडला हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फेरे मोजायचे. कुठल्या गल्लीचे दहा, कुठल्या गल्लीचे सोळा, हे त्याला तोंडपाठ. फेरे संपेपर्यंत रेटायचं नाही, कारण शेवटाला जोर लागला तर आतला दांडा मोडतो. आकडा आला की थांबायचं. खात्यात नवा माणूस आला की तो पहिला धडा देई : “नवा व्हॉल्व्ह बसवला की पहिल्या दिवशी पूर्ण बंद कर, मग पूर्ण उघड. फेरे मोज. वहीत लिही. खाली सही कर. त्याशिवाय घरी जायचं नाही.”

निवृत्तीला पंधरा दिवस उरले तेव्हा त्याच्या जागी बागवाल्याची बदली झाली. बागवाला म्हणजे पालिकेच्या बागेत वीस वर्षं झाडांना पाणी घालणारा पंचेचाळिशीचा मिशाळ गडी. पाण्याचाच माणूस पाण्याकडे आला, असं साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. मोजदाद त्याला घेऊन गल्लोगल्ली हिंडू लागला.

चौथ्या दिवशी सकाळी ते चढाच्या आळीशी आले. ही आळी नावाप्रमाणे चढावर. मधून दगडी पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना घरं. पाणी खालून वर चढायचं, त्यामुळे खालच्या घरांना बरं आणि अगदी वरच्याला करंगळीएवढी धार, हे चार वर्षं ठरूनच गेलेलं.

“बारा,” मोजदाद म्हणाला. “बारा फेरे आणि बास.”

बागवाला फिरवू लागला. फिरवता फिरवता बागेतल्या जास्वंदीबद्दल बोलू लागला. मोजदाद झाकणाच्या कडेला बसून वहीत वेळ लिहीत होता. थोड्या वेळाने बागवाल्याने विचारलं, “काका, थांबायचं कधी? हे फिरतंय अजून.”

“अरे, मोडशील! बारा झाले की थांबायचं सांगितलं ना?”

“जोर कुठे लावतोय? लोण्यासारखं फिरतंय.”

मोजदाद उठला. चावी त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. बागवाल्याने किती फेरे दिले होते कोण जाणे, म्हणून त्याने व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला आणि पुन्हा एकापासून सुरुवात केली. बारा झाले. हाताला कुठेच अडलं नाही. तेरा, चौदा. वीस झाले तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला, आणि तो कष्टाचा नव्हता. तिसाव्या फेऱ्याला चावी थांबली. पायाखालून पाणी जाण्याचा आवाज भरदार झाला. वरून कुठलीतरी बाई ओरडली, “अगं, बादली आण, बादली! पाणी बघ किती आलंय!”

“झकास,” बागवाला म्हणाला. “मग वहीत तीस लिहू ना?”

मोजदादला चार वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवत होता.

मुलीच्या बाळंतपणासाठी तो आठ दिवस रजेवर होता. परत आला तर इथला जुना व्हॉल्व्ह बदललेला. जुन्याचे बारा फेरे होते. नव्याचे मोजायला हवे होते, पण वर खोदकामाचा चिखल, नवे बूट, आणि घरी नातू. बाराच असणार, दुसरं काय असणार, असं म्हणून त्याने वहीत लिहिलं : ‘फेरे १२. मोजून खात्री केली.’ खाली सही. बारा उघडायचा, बाराच बंद करायचा, त्यामुळे आकडा चुकलाय हे कधी कळलंच नाही. आयुष्यभर पायऱ्या मोजणाऱ्या माणसाने जे एकदा मोजायचं तेवढंच मोजलं नव्हतं.

एवढ्यावर असतं तर चूक म्हणून सोडून देता आली असती. पण तक्रारबाई होती.

तक्रारबाई म्हणजे आळीच्या अगदी वरच्या घरात राहणारी शिवणकाम करणारी बाई. लग्न केलं नाही, मशीन हाच संसार. धार बारीक झाल्यापासून ती दर महिन्याला पाणी खात्याच्या खिडकीशी यायची. खिडकीवर माणूस नसला की मोजदादला बसवत, आणि पहिल्यांदा ती आली तेव्हा तोच होता.

“पाणी येत नाही हो वर.”

“खालच्या घरात मोटार लावलीय का बघा. खाली ओढलं की वर काय येणार, कपाळ?”

“खाली माझी बहीण राहते.”

“मग? बहिणीला तहान लागत नाही का?”

रांगेतले सगळे हसले. त्यालाही आपला विनोद आवडला. संध्याकाळी त्याने तो बायकोला सांगितला होता, आवाज काढून. तोंडी सांगून भागणार नाही म्हणून तक्रारबाईच्या अर्जावर शेराही मारला : ‘पालिकेचा पुरवठा पुरेसा. खालील घरात मोटार असण्याची शक्यता.’

पुढचं त्याला आळीत येता-जाता कळत गेलं. शिवणवाली आणि तिची धाकटी बहीण पायऱ्यांवर भांडल्या. धाकटी दवाखान्यात नर्स होती. थोरलीने तिला सगळ्या आळीसमोर पाणीचोर म्हटलं. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. एकीच्या दारावरून जायचं तर दुसरी पदर सावरून भिंतीकडे बघायची. पन्नाशी उलटलेली शिवणवाली चार वर्षं दोन बादल्या घेऊन खालच्या नळावर उतरायची आणि बहिणीच्या दारावरूनच त्रेचाळीस पायऱ्या चढून जायची. पायऱ्या त्रेचाळीस होत्या हे अर्थात मोजदादला माहीत होतं. तिच्याकडे बघत त्यानेच त्या मोजल्या होत्या.

दुपारी तो साहेबांकडे गेला. साहेब वयाने लहान, पाणी खात्याचे इंजिनिअर. त्यांनी सगळं ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

“आता पाणी येतंय ना?”

“येतंय.”

“मग विषय संपला. वहीतलं ते जुनं पान नका उघडू. उगाच कोणीतरी माहिती मागवेल, उत्तरं मला द्यावी लागतील. तुमच्या निरोपाचं भाषण तयार आहे माझं. चौतीस वर्षांत एकही चूक नाही, असं लिहिलंय. म्हणजे काय की, आता मी ते खोडू का?”

मोजदाद वही काखेत घालून बाहेर आला. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची त्याला नंतर जास्त लाज वाटली.

तीन दिवसांनी शिवणवाली खिडकीशी आली. आज तिच्या हातात अर्ज नव्हता. केस नीट विंचरलेले, चेहरा फुललेला.

“चावीवाले, तुम्ही म्हणालात तेच खरं निघालं,” ती म्हणाली. “मोटार काढली तिने. भरपूर पाणी येतंय. चार वर्षांनी का होईना, लाज वाटली म्हणायची. मी तुम्हाला मनात फार बोलले हो. ते सांगायलाच आले.”

मोजदाद समोरचे कागद उगाच सारखे करू लागला.

“आता मीच जाणार आहे तिच्याकडे,” ती पुढे म्हणाली. “रविवारी. ती थोडीच येणार? थोरली मी आहे, मलाच मन मोठं करायला हवं. म्हणणार, झालं गेलं विसरून जाऊ. मी माफ केलं तुला.”

तो “हं” म्हणाला. चौतीस वर्षांत त्याने खूप वेळा ‘हं’ म्हटलं होतं, पण एवढं हलकट ‘हं’ त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ती गेली. मागे उभ्या असलेल्या माणसाने काय विचारलं ते त्याला ऐकू आलं नाही.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

“तो विनोद ह्याच बाईवरचा होता ना?” तिने विचारलं. “मी पण हसले होते.”

एवढं बोलून ती पुन्हा भाजी निवडू लागली. तिने त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी तो आळीत गेला. निरोप समारंभ येत्या शुक्रवारी होता, तोवर थांबावं असं त्याच्या मनात दहा वेळा आलं. पण शिवणवाली आज खाली उतरणार होती, आणि निर्दोष बहिणीला माफी देऊन येणार होती. ते घडून गेल्यावर सांगण्यात काय अर्थ? तो धापा टाकत वर पोचला तेव्हा ती निघायच्याच तयारीत होती. हातात नव्या कापडाचा शिवलेला झगा होता, बहिणीसाठी.

त्याने दारातच सांगितलं. आडवळण घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर मध्येच पळून गेला असता. व्हॉल्व्ह, बारा, तीस, खोटी सही. “तुमच्या बहिणीकडे मोटार होती की नाही, मी कधी पाहिलंच नाही. तोंडाला आलं ते बोललो. लोक हसले म्हणून बरं वाटलं.”

ती हळूच शिवणाच्या स्टुलावर बसली.

“मी तिला चोर म्हटलं,” ती म्हणाली. “तिच्या सासरच्या माणसांसमोर.”

मोजदादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली लाज आपल्यापुरती आहे असं त्याला इतके दिवस वाटत होतं. आता ती ह्या बाईच्याही चेहऱ्यावर उतरलेली दिसत होती, आणि ती त्यानेच तिला दिली होती.

“चला,” ती उठत म्हणाली. “माझ्याबरोबर चला. हे मला एकटीला सांगता येणार नाही.”

ती झगा घरातच विसरली. दोघं खाली उतरले. नर्सने दार उघडलं. ड्युटीवरून आलेली असावी, अंगावर अजून पांढरे कपडे होते. बहिणीला बघून तिचा चेहरा हलला. मोजदादने पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही.

नर्सने ऐकून घेतलं. मग आत गेली आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत तीन अर्ज होते. तिन्ही तिचे, पाणी खात्याला दिलेले. प्रत्येकावर एकच विनंती : खात्याचा माणूस पाठवून माझ्या घराची तपासणी करावी आणि घरात मोटार नाही असं लेखी द्यावं. प्रत्येकाच्या खाली लाल शाईत एकच शेरा होता : ‘सदर घराची पाण्याबाबत तक्रार नाही. पाहणीची गरज नाही.’ खाली मोजदादची सही.

अक्षर त्याचंच होतं. अर्ज वाचल्याचं मात्र त्याला आठवेना. वाचलेच नसतील. खिडकीवर बसलं की कागद पुढ्यात यायचे आणि शेरा आपोआप हाताखालून उतरायचा.

शिवणवालीने तिन्ही कागद त्याच्या हातातून घेतले. तारखा वाचल्या. पहिला अर्ज भांडणाच्या दुसऱ्याच दिवशीचा होता.

“मला का नाही दाखवलंस हे?” तिने विचारलं.

“काय दाखवणार होते? हेच की माझ्याकडे पुरावा नाही?” नर्स म्हणाली. “तुला म्हटलं होतं, आत ये, नळापासून मोरीपर्यंत सगळं घर बघ. तू पायरीवर उभी राहून म्हणालीस, चावीवाल्याने सांगितलंय.”

“चुकलं माझं गं.”

“तेव्हा ह्यांनी सांगितलं म्हणून मी चोर ठरले, ताई. आज ह्यांनी सांगितलं म्हणून सुटले. मी चार वर्षं सांगत होते, त्याचं काय?”

आत कुठेतरी नळ सुरू होता आणि बादली भरून वाहत होती, पण नळ बंद करायला कोणीच गेलं नाही.