काशीच्या जहाजावरची त्रिपुरवात

धाकट्या जावेचा पदर भडकला तेव्हा आमचं जहाज काशीच्या घाटांसमोर होतं. त्रिपुरी पौर्णिमेची संध्याकाळ होती, काठावर लाखो दिवे होते आणि ढोल घुमत होते. भाच्याने आम्हा दोघींना नेरहून या महागड्या जहाजावर आणलं होतं. खोलीत गालिचा, जेवायला चांदीसारखे चमचे. आम्ही हरखूनच गेलो होतो. जहाजावर काहीही पेटवायचं नाही, असं तिथल्या माणसांनी बजावलं होतं. तरी जावेने घरच्या कापसाची साडेसातशे पदरांची त्रिपुरवात तुपात भिजवून वरच्या मजल्यावर पेटवली. मी म्हटलं, "हवा लय हाय, इझव ते." ती म्हणाली, "तुमच्यापायी वर्साचा नेम मोडू का?" तेवढ्यात तिच्या साडीच्या पदराने पेट घेतला. पोहता येत नसतानाही ती पाण्यात उडी मारायला कठड्यावर चढली. मी निऱ्या धरून तिला खाली ओढलं, साडी फेडली आणि नदीत फेकली. ती परकरावर उभी राहून ओरडली, "बाई, लोकं पाहून राह्यले ना!" मी म्हटलं, "पाहू दे, मेल्यावरबी पाह्यलंच असतं!" खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही, अंगात नुसता जोर चढला होता. तिचा दंड पोळला. त्याला सहा वर्षं झाली; ती जिवंत आहे, मीही आहे.