पॉवर सप्लायवरचं घोंगडं

जानेवारी १९९७, पहिली पाळी. हजर: मी, इलेक्ट्रिकल फोरमन. गव्हाणीचे ऑपरेटर आबा, हंगामी. चीफ इंजिनिअर, उशिरा.

माझ्या वहीत प्रत्येक बिघाड असाच मांडलेला आहे: तारीख, हजेरी, काय झालं, कारण.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या साखर कारखान्यात त्या हंगामात गव्हाण, म्हणजे ऊस गिरणीकडे ओढत नेणारा साखळीपट्टा, पहिल्यांदाच पीएलसीवर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकावर, चालायला लागली. भिंतभर लावलेले जुने रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, गेले, त्यांचं काम एका कपाटात मावलं. त्या सगळ्याला वीज पुरवणारं पॉवर सप्लाय मॉड्यूल विटेएवढं. त्यावर एक हिरवा दिवा. आमच्या टर्बाइनची वीज दिवसभर हेलकावे खायची, पण या डब्यातून बाहेर येणाऱ्या तारांना मीटर लावावा तर चोवीस व्होल्ट. कधीही लावा, चोवीस. मी काम नसतानाही लावून बघायचो.

आबा शेळगावचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. सात हंगाम हंगामी म्हणून काढल्यावर त्या वर्षी कायम करण्याच्या यादीत त्यांचं नाव होतं. चीफसाहेबांची अट एकच: नव्या यंत्रणेला त्यांच्या हातून धक्का लागता कामा नये.

त्या सकाळी गव्हाण अचानक थांबली. मी धावत गेलो. कपाटाला वरून खालपर्यंत काळं घोंगडं गुंडाळलेलं.

“आबा, हे काय?”

“भुसा लई उडतुया, सायेब. त्या जाळीतनं आत जातुया. घरच्या लोकरीचं हाय, पानी शिरत न्हाय, भुसा काय शिरतुया!”

“आणि वारा? त्याच जाळीतून याला वारा लागतो, आबा!”

आबांनी घोंगडं ओढून काढलं आणि काखेत मारलं. कपाटाचं दार उघडताच तोंडावर गरम झळ आली. हिरवा दिवा विझलेला, डब्याला हात लावता येईना. स्टोअरमध्ये दुसरा नव्हता.

“गेलं का वो?”

“बघू.”

“ह्ये गेलं म्हंजी मीबी गेलो,” म्हणत आबा डोक्यावरची टोपी काढून डब्याला वारा घालायला लागले. मी ऑफिसमधला टेबलफॅन आणून लावला. पंधरा-वीस मिनिटं गेली. आणि कुणीही हात लावला नसताना हिरवा दिवा लागला.

मी मीटर लावला. चोवीस.

आबांनी टोपी छातीशी धरली. “आपल्या आपण उठलं, सायेब!”

फार तापलं की जळायच्या आधी ते स्वतःच बंद होतं आणि निवलं की स्वतःच सुरू होतं, हे मी नंतर माहितीपुस्तकात वाचलं. तरी त्या क्षणी अंगावर आलेला काटा आठवला, की तो आजही येतो.

तेवढ्यात चीफसाहेब आले. “का थांबली होती?”

“मॉड्यूल तापलं होतं साहेब. आता चालू आहे.”

“कशानं तापलं?”

“नीट बघून कारण लिहितो.”

त्यांची नजर आबांच्या काखेकडे गेली. “घोंगडं? थंडी वाजते का गव्हाणीवर?”

“व्हय सायेब, लई,” आबा कपाळाचा घाम पुसत म्हणाले.

आबा त्याच वर्षी कायम झाले. यथावकाश निवृत्तही झाले. माझ्या वहीत एकही रकाना रिकामा नसतो. त्या पानावरचं ‘कारण’ तेवढं अजून लिहायचं आहे.