कासव आलंय, जावेद

डिफेंडर एकट्याला शिकता येत नाही.

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, माझ्या पंप दुरुस्तीच्या दुकानात बसून मोबाईलवर अंगठा आपटताना मला हे कळलं.

आज जावेदचा चाळीसावा दिवस होता.

ज्यांना जावेद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारंज्यात त्याच्या अब्बांचं गाद्या भरण्याचं दुकान आहे. त्यांना मी चाचा म्हणतो. जावेद तिथेच गाद्या शिवायचा. गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं गाद्यांच्या थप्पीवर बसून एक टीमवाला शूटर गेम खेळायचो.

सात वर्षं. दोघांच्या बायका हसायच्या, आम्हाला काही फरक पडत नव्हता.

मी कायम पुढे, धाडधाड गोळ्या. तो कायम मागे, बचाव करणारा डिफेंडर.

मॅच संपली की मी स्कोअर दाखवून चिडवायचो. "झीरो किल! काय खेळतो बे तू?"

"तू मेला का?"

"नाई."

"मंग गप बस ना."

नवीन कॅरॅक्टर आला की आमची एक पद्धत होती. इंग्रजी माहिती वाचायची नाही. सरळ प्रॅक्टिसच्या मैदानात उतरायचं. तिथे एक मशीन असते, समोर जो दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत राहते. नवीन डिफेंडर जावेद घ्यायचा आणि बकरा मी.

"उभा राह्य मशीनीसमोर. हालू नको."

"मेलो तं?"

"मरू देईन का तुले?"

मग तो एकेक बटण दाबून बघायचा. किती गोळ्या अडतात, किती वेळ अडतात. सगळं त्याच्या डोक्यात बसायचं. मी नुसता उभा.

मग त्याला कावीळ झाली. अकोल्याला ॲडमिट केलं. पाहायला गेलो तर पठ्ठ्या मोबाईलवर नव्या डिफेंडरचा ट्रेलर बघत होता. डोळे पिवळेधमक. ट्रेलरमध्ये पाठीवर भलीमोठी ढाल घेऊन चालणारा जाडा गडी. जावेदने तिथेच त्याचं नाव कासव ठेवलं.

"गजू, हे कासव मी घेनार. तू हात लावशील तं पाह्य."

"आधी बरा तं हो."

"ते गेममंदी याले टाइम हाय अजून. तोवर होतो ना."

नाही झाला.

कासव गुरुवारी आलं. मी घेतलं. माफ कर यार.

तीन बटणं आहेत. पहिलं दाबलं की ढाल जमिनीत रोवतो. ते लगेच जमलं.

दुसरं बटण दबेचना. वर अक्षरं यायची, 'नो अलाय इन रेंज'. म्हणजे आसपास तुझं कोणी नाही.

तिसरं तर रिकामंच. दुसऱ्याच्या वाट्याचा मार खाल्ल्याशिवाय ते भरतच नाही.

बोलावता आला असता कोणीतरी. दोन मित्रांना मेसेज टाइप केला आणि खोडला. त्या मैदानात जावेदच्या जागी दुसरं नाव बघायची माझी तयारी नव्हती.

आज दुपारी त्याच्या नावाने फातिहाची दुआ झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. चाचांनी मला दुकानात बोलावलं. हातात जावेदचा मोबाईल. ते अजून रोज चार्ज करून ठेवतात.

"गजू, बेटा, पाह्य बरं. तीन दिवसापासून वाजून राह्यला. कोन बोलावते त्याले?"

बघितलं. गेमच्या नोटिफिकेशन होत्या.

"कोनी मानूस नाई, चाचा. गेम हाय. नवीन कासव आलं म्हनून सांगते."

चाचा म्हणाले, "दवाखान्यात मले दाखवत होता, तेच?"

"हो."

"दाखव मले."

दोन्ही मोबाईल गादीवर शेजारी ठेवले. त्याचा गेम उघडला. माझ्या मोबाईलवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आला.

एक क्षण खरंच वाटलं, आला.

त्याच्या गड्याला मशीनीसमोर नेऊन उभं केलं. माझ्या कासवाचं दुसरं बटण दाबलं. या वेळी दबलं. माझ्याकडून त्याच्याकडे एक दोरी गेली. त्याला लागणाऱ्या गोळीतला अर्धा मार मला लागायला लागला. मी मागे सरकत गेलो. बारा पावलांवर दोरी तुटते. परत जवळ गेलो, परत बांधली. तिसरं बटण भरलं, दाबलं, आणि थोडा वेळ मशीनीचं आम्हा दोघांपुढे काही चाललं नाही.

मग ज्याला वाचवतोय त्याला काय दिसतं म्हणून त्याच्या मोबाईलवर बघितलं.

काहीच नाही. दोरी नाही, आवाज नाही, खूण नाही. फक्त जीव नेहमीपेक्षा हळू कमी होतो. त्याला वाटणार, आपणच दणकट आहोत.

सात वर्षं मी स्वतःला लय भारी प्लेअर समजत होतो, जावेद.

चाचा वाकून बघत होते. "यातला त्याचा कोनता?"

मी बोट ठेवलं.

"मंग हा काहून हालत नाई?"

तेवढ्यात जावेदच्या स्क्रीनवर एक चौकट आली.

"काय म्हनते?" चाचांनी विचारलं.

"लय वेळ कोनी हात नाई लावला ना. म्हनून विचारते, तुमी अजून हाये का."

खाली 'येस' आणि 'नो'. मी 'येस'कडे बोट नेलं. अजून थोडा वेळ उभा राहिला असता, बस. चाचांनी माझं मनगट धरलं.

"खोटं नको सांगू, बेटा. नाई म्हन."

मी 'नो' दाबलं.

माझ्या मोबाईलवर ओळ आली, जावेद टीममधून बाहेर पडला. चाचांनी त्याचा मोबाईल बंद केला, रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. मी तिथेच गादीवर बसून लहान पोरासारखा रडलो. चाचांनी रडू दिलं.

कासव चांगलं आहे रे. तुला आवडलं असतं.

खुदा हाफिज, भाऊ.