घरी सांगताना ‘होडी’ म्हणा

गेनूभाऊंनी बोट बांधली हे मला माहीत होतं, पण ती तरंगते यावर माझा विश्वास नव्हता. प्लॅस्टिकची बारा पिंपं, वर लोखंडी सांगाडा, त्यावर पत्र्याची खोली आणि मागे छोटं इंजिन. आम्ही दोघे पत्रा कापणाऱ्या एकाच प्रेस शॉपमधून निवृत्त झालो. फाल्गुन लागताच ते म्हणाले, "धरणाचं पाणी उतरायच्या आत दोन रात्री ऱ्हाऊन जा, राव."

मला पोहता येत नाही. मंदाला, म्हणजे बायकोला, मी "गेनूभाऊंच्या शेतावर जातो" एवढंच सांगितलं. बोट म्हटलं असतं तर तिने जाऊ दिलं नसतं.

थेरगावहून जाणाऱ्यांनी डांगे चौकातून निगडी गाठावी, तिथून चाकणची बस. चाकणच्या चौकात कंटेनर पाऊण पाऊण तास हलत नाहीत, तेव्हा लघवीला आधीच जाऊन यावं. पुढे धरणाकडे शेअर जीप मिळते, माणशी चाळीस रुपये. जीप भरेपर्यंत निघत नाही आणि भरल्यावरही लगेच निघत नाही.

बोटीचा वेग म्हशीच्या चालण्याइतका. काठाने पळस फुललेला, पाणी उतरलेल्या गाळात लोकांनी काकडी लावलेली. मी लाइफ जॅकेट घालूनच पिठलं-भाकरी खाल्ली आणि घालूनच आडवा झालो. पहाटे कुडकुडायला होतं, दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या एका अरुंद फाट्यात शिरलो. तिथे बगळे होते.

"काय आवडलं?" गेनूभाऊंनी विचारलं.

"काठ जवळ आहे ते."

त्या रात्री मी त्यांना बोट काठाला अगदी चिकटवून बांधायला लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर बोट अजिबात हलत नव्हती. मला बरं वाटलं. मग कळलं की रात्रीत पाणी उतरलं होतं आणि आम्ही चिखलात बसलो होतो.

संध्याकाळी घरी पोचायचं कबूल केलं होतं. टपावर चढून फोन लावला. "मंदा, धरणाच्या काठाला काकडीच्या मळ्यांपाशी आहे. बोट अडकली. उशीर होईल. काळजी करू नको." आवाज तुटत होता. मग फोनही तुटला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. मी एकतीस वर्षं प्रेसवर काम केलं आणि दहाही बोटं घेऊन निवृत्त झालो. आमच्या वस्तीत बोट अडकलं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही, रिक्षा काढतात.

दुपारी काठावर रिक्षा थांबली. मंदा उतरली. काखेत माझी दवाखान्याची फाइल.

"कुठलं बोट?" ती ओरडली.

"अगं, हीच!" मी पत्र्यावर थाप मारली.

"हीच काय? हात वर करा आधी!"

मी दोन्ही हात वर केले. गेनूभाऊंनीही केले. "माझी साडेनऊच हायेत, वहिनी. जुनंच हाय, नवीन काय न्हाई."

ती गुडघाभर चिखलातून आली. माझा हात धरला, पदराने पुसला आणि करंगळीपासून एकेक बोट दाबून पाहिलं. मग दुसरा हात. मग म्हणाली, "छान आहे हो शेत तुमचं."

रिक्षावाल्याने आणि काकडीवाल्यांनी ढकलून बोट पाण्यात घातली. मंदा फाइल मांडीवर घेऊन एक फेरी बसली. बाकडं टोचतं, म्हणाली.

जाणार असाल तर पिण्याचं पाणी, मच्छर अगरबत्ती आणि लांब दोर न्या. घरी खरं सांगा, आणि सांगताना होडी म्हणा.

परतताना रिक्षात ती बाहेर बघत म्हणाली, "शिफ्टवरून आलात की दार उघडून आधी हातच बघायचे मी." एकतीस वर्षं मला वाटत होतं, ती डब्याकडे बघते.

काल कोथिंबीर आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा एका हातात पिशवी, दुसरा खिशात. मंदा दारातच उभी होती. मी खिशातला हात बाहेर काढला.